घारापुरी आणि तिचा हरवलेला लेख

मुंबईच्या अपोलो बंदरापासून घारापुरी बेट समुद्रमार्गे सुमारे दहा किलोमीटर अंतरावर आहे. मुंबईत जन्म काढलेल्या पुष्कळ भगिनींनी ते पाहिलेले नसते. पाहिले असले तर शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाची आठवण म्हटली तर माकडांनी पळविलेल्या डब्याची. यंदा मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण तेथे एक दिवसाची सहल नेली. किती भगिनी आल्या, खर्च किती झाला हा तपशील कार्यवाहांच्या अहवालात येईलच. बेटाच्या इतिहासाविषयी मी चार शब्द लिहावेत असा संपादक मंडळाचा आग्रह पडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून आपण बुधवार धरला. गेटवेपासून लाँचने तासाभराचा प्रवास. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर प्रवासी बोटीला अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले, ही गोष्ट आपल्यापैकी कोणी विसरलेली नव्हती. त्यामुळे लाँचमध्ये पाऊल ठेवताच प्रत्येकीने जीवरक्षक जाकीट मागून घेतले व अंगात घातले. नऊवारीवर ते नारिंगी जाकीट चढवून बसलेल्या आपल्या ज्येष्ठ भगिनींना पाहून इतर उतारूंनीही हळूहळू आपापली जाकिटे बांधली.

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. उरण तालुका, रायगड जिल्हा. मुंबईचे दिवे ज्या गावांतून रात्रभर समोर दिसत, त्या गावांत कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली, समुद्राच्या तळाशी केबल टाकून. आमची वाटाडी याच बेटावरची, पंचविशीच्या आतली मुलगी. "काकू, आमच्या लहानपणी संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर चाले. तो बंद झाला की अभ्यास बंद. समोर मुंबई लखलखत असायची," असे ती सहज सांगून गेली. आपल्यातल्या एक आजी तिला तिथल्या तिथे म्हणाल्या, "पोरी, लेणी मागाहून दाखव, आधी हे सगळे सांग." तेव्हा सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढता चढता आपण तिच्याकडून बेटाची हकीकत ऐकली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, मूर्तींची दुकाने. मधूनच बेटावरच्याच बाया काकड्या आणि कैऱ्या घेऊन बसलेल्या.

आता इतिहासाकडे वळू. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांत हे बेटही गेले. धक्क्यापासून जवळच दगडात कोरलेला एक भला मोठा हत्ती उभा होता. त्याला पाहून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' असे नाव ठेवले. आपल्या लोकांचे नाव मात्र घारापुरी. ते 'अग्रहारपुरी'वरून आले असावे असे काही अभ्यासक मानतात. पुढे बेट मराठ्यांकडे आले आणि १७७४ साली साष्टीबरोबर इंग्रजांनी ते घेतले.

ज्या हत्तीवरून नाव पडले, तो हत्ती आज बेटावर नाही. १८१४ साली त्याचे डोके व मान गळून पडली. १८६४ साली तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना साखळ्या तुटल्या आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आले, आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही आहे. आपल्या नातवंडांना बाग दाखविण्यास नेणाऱ्या भगिनींनी तो शंभर वेळा पाहिला असेल. तो कोठून आला हे मात्र थोड्याच जणींना ठाऊक असेल.

मुख्य लेणे हे एका अखंड डोंगरात खोदलेले शिवमंदिर आहे. त्याची लांबी सुमारे एकशे तीस फूट. आत शिरल्यावर उजव्या हातास चार दारांचा गाभारा, त्यात शिवलिंग, आणि दाराशी प्रचंड द्वारपाल. भिंतींवर शिवाच्या कथा कोरल्या आहेत: कैलास हलविणारा रावण, सारीपाट खेळणारे शिवपार्वती, अंधकासुराचा वध, तांडव करणारा नटराज, गंगा मस्तकी झेलणारा गंगाधर. आपल्या भगिनी सर्वांत अधिक वेळ रेंगाळल्या त्या कल्याणसुंदराच्या शिल्पापाशी. हे शिवपार्वतीचे लग्न. पार्वती शिवाच्या उजव्या बाजूस उभी आहे, मान किंचित लवलेली. मूर्तीचे हातपाय बरेच भंगले आहेत, तरी ती लाज अजून शाबूत आहे. अर्धनारीश्वरापुढे उभे राहून आपल्यातल्या एकीने विचारले, "अर्धे अंग दिले म्हणतात, पण पुढे घरात चालते कोणाचे?" वाटाडीसुद्धा हसली. शेजारच्या सारीपाटाच्या शिल्पाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "तिथे पाहा ना काकू, रुसून बसली आहे ती पार्वतीच."

मागच्या भिंतीत मधोमध जी अठरा फुटांची त्रिमुखी मूर्ती आहे, तिचे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पुष्कळ वर्षे तिला 'त्रिमूर्ती' म्हणत. ब्रह्मा, विष्णू आणि महेश अशी तिची ओळख करून दिली जाई. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी टी. ए. गोपीनाथ राव यांच्यासारख्या मूर्तिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की ही तिन्ही मुखे एकट्या शिवाची आहेत. पाहणाऱ्याच्या डावीकडचे, मिशांचे व उग्र, ते अघोर. मधले शांत, ते तत्पुरुष. आणि उजवीकडचे, कोवळे, हाती कमळ घेतलेले स्त्रीमुख, ते वामदेव अथवा उमा. म्हणून आता विद्वान तिला सदाशिव किंवा महेशमूर्ती म्हणतात. तरीही त्या दिवशी शेजारच्या एका घोळक्याला त्यांचा वाटाड्या मोठ्या आवाजात ब्रह्मा-विष्णू-महेशच सांगत होता.

येथे आपल्यापैकी एकीने तो प्रश्न विचारला, जो तेथे जाणारा प्रत्येक मनुष्य विचारतो: हे केले कोणी?

वाटाडी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "काकू, खरे सांगायचे तर नक्की माहीत नाही. पण असे म्हटले की लोकांना वाटते, हिला पैसे फुकट दिले. म्हणून पुष्कळ जण पांडवांचे नाव सांगतात. पाहुणे खूश होतात."

मला तिचे हे उत्तर फार मोलाचे वाटले, कारण ते खरे आहे. पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली ही कथा महाराष्ट्रात निम्म्या लेण्यांविषयी सांगतात. घारापुरीविषयी बाणासुर आणि त्याची कन्या उषा यांचीही कथा जुनी आहे. विद्वानांनीही वेळोवेळी निरनिराळी नावे पुढे केली: कोकणचे मौर्य, चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार. सध्या अनेकांचा कल असा आहे की मुख्य लेणे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यास, माहिष्मतीच्या कलचुरी घराण्यातील कृष्णराज याच्या काळी कोरले गेले. तो शिवभक्त होता आणि त्याची मानली जाणारी नाणी या बेटावर सापडली आहेत, ही त्याची मुख्य कारणे. पण हा शेवटी तर्क आहे. लेण्यात एकही असा लेख उरलेला नाही की ज्यावर बोट ठेवून 'हा पाहा कर्ता' असे म्हणता येईल.

असा लेख एके काळी होता. दियोगो दो कौतो हा पोर्तुगीज बखरकार लिहितो की लेण्याच्या दाराशी अक्षरे कोरलेली एक शिळा होती. पोर्तुगीजांनी ती काढून आपल्या देशी, राजा तिसरा जुवांव याच्याकडे पाठविली. तेथे ती वाचू शकेल असा मनुष्य शोधला गेला. कोणी मिळाला नाही. पुढे ती शिळा कोठे गेली याचा पत्ता लागलेला नाही.

लेण्याची मोडतोड पाहून आपल्या भगिनींना हळहळ वाटली, आणि ते साहजिक आहे. पोर्तुगीज शिपायांनी मूर्तींची नासधूस केली असा ठपका कौतोनेच ठेवला आहे. पाण्याची झिरप आणि काळाचा मारा यांनीही आपला वाटा उचलला. १८७५ साली इंग्लंडच्या युवराजासाठी याच लेण्यात मेजवानीही झडली! परंतु माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान त्या एका शिळेचे आहे. रावणाचे हात तुटले, तरी तो रावण आहे हे आपण ओळखतो. पार्वतीचे हात गेले, तरी ती नवरी आहे हे कळते. नाव गेले म्हणजे मात्र काहीच ओळखता येत नाही.

कोणी म्हणेल, पोर्तुगालात ती वाचता आली नाही, तशी त्या काळी इकडे तरी कोणाला वाचता आली असती? ही शंका रास्त आहे. सहाव्या शतकातील लिपी सोळाव्या शतकातील आपल्या शास्त्र्यांनाही बहुधा लागली नसती. पण शिळेला घाई नव्हती. हजार वर्षे ती दाराशी उभी होती. आणखी अडीचशे-तीनशे वर्षे उभी राहिली असती तर तिचा वाचक आपल्या पायांनी तिच्यापाशी चालत आला असता. अठराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स विल्किन्स याने गुप्तकाळातील लिपी वाचण्यास आरंभ केला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने अशोकाची ब्राह्मी उलगडली. आणि त्यानंतर आपल्या मुंबईतच एक मराठी डॉक्टर जुने शिलालेख वाचीत बसला. अजिंठ्याचे लेखही त्याने वाचले. त्याचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड. १८७४ साली ते वारले. घारापुरीचा मोडका हत्ती ज्या संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, त्याला १९७५ साली त्यांचेच नाव दिले गेले. हत्ती त्यांच्या दारी आला, शिळा आली नाही.

यावरून मला जे वाटले ते थोडक्यात सांगते. वस्तू जपावयाची म्हणजे ती कपाटात बंद करावयाची असे नव्हे. ती आपल्या जागी राहिली पाहिजे आणि तिच्यासोबत तिचे नाव राहिले पाहिजे. आज समजणारा कोणी नसला तरी उद्या येईल. १९८७ साली युनेस्कोने घारापुरीला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, हे योग्यच झाले. पण जग जिला वारसा म्हणते, तिच्या कर्त्याचे नाव आपण जगाला खात्रीने सांगू शकत नाही. दगड फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या, त्या पाथरवटांना भाकरी पोहोचविणाऱ्या हातांची गोष्ट तर दूरच राहिली. त्यांत बायकांचे हात नसतील असे कसे म्हणावे?

आता थोडे आपल्या घरचे. स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाचे जुने कपाट उघडले गेले. पहिल्या हळदीकुंकवाचे छायाचित्र सापडले. बारा जणी ओळीने उभ्या आहेत. त्यांपैकी सात जणींची नावे सांगता आली. उरलेल्या पाच जणी कोण, हे सांगणारे आज मंडळात कोणी नाही. फोटोच्या मागे काही लिहिलेले नाही. अवघी पन्नास वर्षे झाली आहेत, दीड हजार नव्हेत. या बायकांनी घरोघर फिरून वर्गणी जमविली, शिवणवर्ग चालविला, मंडळ उभे केले.

म्हणून माझी अशी सूचना आहे आणि येत्या वार्षिक सभेत ती मी ठराव म्हणून मांडणार आहे. मंडळाच्या पहिल्या दहा वर्षांच्या इतिवृत्तवह्यांची स्वच्छ अक्षरात नक्कल करून घ्यावी. मूळ वह्या मंडळाच्या कपाटातच राहाव्यात, कोणी घरी नेऊ नयेत. ज्या भगिनींकडे जुनी छायाचित्रे असतील त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, फोटोच्या मागे पेन्सिलीने प्रत्येकीचे नाव व साल लिहून आणावे. ज्या पाच जणींची नावे लागत नाहीत, त्यांचे छायाचित्र याच स्मरणिकेत शेवटच्या पानावर छापले आहे. आसपासच्या चाळींतून व इमारतींतून राहणाऱ्या शेजाऱ्यांनीही ते जरूर पाहावे. आपली आजी, मावशी किंवा सासूबाई त्यांत ओळखू आल्यास कार्यवाहांकडे निरोप द्यावा, ही नम्र विनंती.