काळा कोंबडा, लॉग टेबल आणि १५९७४६३००७

बिरबलाची काठ्यांची गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. घरात चोरी होते. बिरबल सगळ्या नोकरांना सारख्या लांबीच्या काठ्या देतो आणि सांगतो की या मंतरलेल्या आहेत, चोराची काठी रात्रीतून बोटभर वाढेल. सकाळी चोर बरोब्बर सापडतो, कारण त्याने घाबरून आपली काठी बोटभर कापून ठेवलेली असते.

अगदी याच जातीची एक गोष्ट स्कॉटलंडमध्ये सांगतात. तिचा नायक जॉन नेपियर. एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनचा हा जमीनदार, जन्म १५५०. याला जादूटोणा येतो अशी आसपासच्या लोकांची पक्की समजूत होती, आणि त्याच्याकडे म्हणे एक काळा कोंबडा होता. एकदा घरात चोरी झाली. नेपियरने नोकरांना एकेक करून अंधाऱ्या खोलीत पाठवलं आणि सांगितलं, कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवून या, चोराचा हात लागला की तो आरवेल. कोंबडा काही आरवला नाही. पण नेपियरने त्याला आधीच काजळी फासून ठेवली होती! बाहेर आल्यावर सगळ्यांचे हात काळे आणि चोराचे तेवढे स्वच्छ, कारण त्याने भीतीने हात लावलाच नव्हता.

गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. पण याच नेपियरने १६१४ साली लॉगॅरिदमवरचं पुस्तक छापलं हे मात्र शंभर टक्के खरं. आज लिहायचंय ते त्याच्या या दुसऱ्या जादूबद्दल. कारण हीच जादू पुढे जवळजवळ चारशे वर्षांनी मला एका कॉम्प्युटर गेममध्ये भेटली, आणि तेव्हा मी तिला ओळखलंच नाही.

आमच्या वेळी बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नसे. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या गणितांना लॉग टेबल. मोठा गुणाकार आला की दोन्ही संख्यांचे लॉग बघायचे, बेरीज करायची, अँटिलॉग काढायचा, संपलं. भागाकार असेल तर वजाबाकी. वर्गमूळ असेल तर नुसतं निम्मं करायचं. कॅरॅक्टरिस्टिक, मँटिसा, बार वन, बार टू... हे असं का चालतं असं विचारायची आमची टाप नव्हती. सर म्हणायचे, "मार्क पाहिजेत ना? मग टेबल बघायला शिका." आम्ही शिकलो. त्यामागे हेन्री ब्रिग्ज नावाचा गणिताचा प्राध्यापक १६१५ साली लंडनहून एडिंबरोला नेपियरला भेटायला गेला होता, दोघांनी मिळून १० हा पाया ठरवला आणि ब्रिग्जने १६२४ साली चौदा दशांश स्थळांपर्यंतचे हजारो लॉग हाताने काढून छापले, हे मला फार नंतर कळलं. माझ्यासाठी ते दप्तरातलं एक पातळ पुस्तक होतं. बारावी झाली, पुस्तक रद्दीत गेलं.

पुढे इंजिनिअरिंगला होस्टेलवर रात्र रात्र 'क्वेक थ्री अरेना' खेळलो. (तेव्हा जे मार्क गेले त्याचा हिशेब इथे नको.) हा गेम डिसेंबर १९९९ मध्ये आला. त्यानंतर ऑगस्ट २००५ मध्ये इड सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स कोडच सगळ्यांसाठी खुला केला. तोवर मी नोकरीला लागलो होतो. एका शनिवारी तो कोड उतरवून घेतला आणि वाचत बसलो. त्यात एक इवलंसं फंक्शन आहे, जे पुढे जगप्रसिद्ध झालं. दिलेल्या संख्येचं वर्गमूळ काढून १ ला त्याने भागायचं, एवढंच त्याचं काम. थ्रीडी गेममध्ये भिंतीवर उजेड कसा पडेल, काय कुठे परावर्तित होईल, हे ठरवायला ही क्रिया अक्षरशः अखंड करावी लागते, आणि त्या काळच्या प्रोसेसरवर वर्गमूळ आणि भागाकार या दोन्ही गोष्टी फार महाग होत्या.

पण या फंक्शनमध्ये वर्गमूळही नाही आणि भागाकारही नाही! आहे काय? दशांश संख्येचे ३२ बिट जसेच्या तसे उचलायचे आणि ती एक पूर्ण संख्या आहे असं समजायचं. तिला निम्मं करायचं. ते १५९७४६३००७ मधून वजा करायचं. जे येईल ते परत दशांश संख्या म्हणून वाचायचं. उत्तर तयार. या ओळीसमोर कॉमेंट म्हणून काय लिहिलंय? एक शिवीवजा आश्चर्योद्गार. बास. त्याखाली न्यूटनच्या रीतीची एक ओळ, उत्तर थोडं घासूनपुसून घ्यायला.

मी खोटं वाटून करून बघितलं. संख्या घेतली २. खरं उत्तर ०.७०७१. ती जादूची वजाबाकी देते ०.७१६२, आणि न्यूटनची एक फेरी मारल्यावर ०.७०६९. कुठलीही संख्या घ्या, शेवटची चूक ०.१८ टक्क्यांच्या आतच राहते. डोळ्यांना काय कळणार आहे?

मी तेव्हा हे मित्रांना "जादू" म्हणूनच दाखवत फिरलो. बऱ्याच दिवसांनी कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा कळलं की हे तर आपलं बारावीचं लॉग टेबल!

कसं ते बघा. कॉम्प्युटर दशांश संख्या दोन तुकड्यांत ठेवतो. पहिला तुकडा, २ चा कितवा घात. ६४ म्हणजे २ चा सहावा घात, तर तिथे ६ (ऋण घातांची भानगड नको म्हणून त्यात १२७ मिळवून, म्हणजे १३३). दुसरा तुकडा २३ बिटांचा: ६४ पासून पुढच्या घातापर्यंत, म्हणजे १२८ पर्यंत, आपण किती वाट चाललो. ९६ ही बरोब्बर अर्ध्या वाटेवर, म्हणून ०.५. दोन्ही तुकडे सलग वाचले तर झाले ६.५. आता ९६ चं २ या पायाचं खरं लॉग किती? ६.५८५! म्हणजे प्रत्येक दशांश संख्येच्या पोटात तिचं लॉग जवळजवळ आयतं लिहिलेलं असतं. टेबल उघडायचीसुद्धा गरज नाही. (ही जवळीक वापरून गुणाकार-भागाकार करावेत असा शोधनिबंध जॉन मिचेल याने १९६२ मध्येच लिहिला होता.)

एकदा हे दिसलं की पुढचं बारावीचं गणित. वर्गमूळ म्हणजे लॉग निम्मं, १ भागिले म्हणजे लॉगचं चिन्ह उलटं. म्हणून निम्मं करा आणि वजा करा. राहिला तो राक्षसी आकडा. मिळवलेल्या १२७ चा हिशेब चुकता करायला १२७ ची दीडपट, म्हणजे १९०.५ लागतात. लॉग २३ बिटांच्या डाव्या बाजूला सुरू होतं, म्हणून त्याला २ च्या २३ व्या घाताने, म्हणजे ८३,८८,६०८ ने गुणा. उत्तर १,५९,८०,२९,८२४. गेममधला आकडा यापेक्षा फक्त ५,६६,८१७ ने कमी आहे. ती कसर कशासाठी? ६.५८५ च्या जागी ६.५ वाचतो, त्या चुकीची भरपाई. झालं. जादू संपली... आणि मला उलट जास्तच आवडायला लागली.

मग साहजिक प्रश्न, हे केलं कुणी? सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, जॉन कारमॅक. गेमचा मुख्य प्रोग्रॅमर तोच. रिस सोमफेल्ट याने माग काढायला सुरुवात केली. कारमॅक म्हणाला, मी नाही, कदाचित टेर्ये माथिसन असेल. माथिसन म्हणाला, मी असं काहीतरी लिहिलं होतं, पण हे माझं नव्हे. मग ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या थ्रीडीएफएक्सचा गॅरी टारोली. तो म्हणाला, हा कोड माझ्या हाताखालून गेलाय, आकड्याशी खेळलोही असेन, पण मूळ माझं नाही. शेवटी सापडला ग्रेग वॉल्श, १९८० च्या दशकाच्या शेवटी आर्डेंट कॉम्प्युटर या कंपनीत काम करणारा. त्यालाही कल्पना सुचली ती त्याचा सहकारी क्लीव्ह मोलर याच्यामुळे. (मॅटलॅबवाला मोलर, तोच.) आणि मोलरने २०१२ मध्ये सांगितलं की मी तर हे १९८६ च्या सुमाराचा विल्यम काहान आणि के. सी. एन्ग यांचा कोड वाचून शिकलो! हा काहान कोण? दशांश संख्या कॉम्प्युटरमध्ये कशा ठेवायच्या याचं जे प्रमाण १९८५ मध्ये ठरलं, त्याचा मुख्य शिल्पकार. म्हणजे ज्याने वाड्याचा नकाशा काढला, चोरवाट त्यालाच माहीत होती.

नेपियरच्या नोकरांची आठवण झाली. इथे मात्र प्रत्येकजण आपणहून हात पुढे करून दाखवत होता, बघा, काजळी माझी नाही. ही माणसं प्रामाणिक होती आणि जिवंत होती, म्हणून माग लागला. तरी तो नेमका आकडा पहिल्यांदा कसा निवडला गेला याची एक ओळही कुणी लिहून ठेवलेली नाही. २००३ मध्ये ख्रिस लोमाँट या गणितज्ञाने कागदावर याहून चांगला आकडा शोधून काढला. गंमत म्हणजे न्यूटनच्या फेरीनंतर तो या जुन्या आकड्यापेक्षा वाईट ठरला! मग त्याने सरळ एकेक आकडा कॉम्प्युटरकडून तपासून घेतला, तेव्हा कुठे जुन्यापेक्षा किंचित सरस आकडा मिळाला.

आणि या सगळ्या हुशारीचं आयुष्य किती? गेम आला त्याच वर्षी, १९९९ मध्ये, पेंटियम थ्री बाजारात आला. त्यात हेच काम करणारी सूचना हार्डवेअरमध्येच दिलेली होती.

माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. मी लहान असताना, ऐंशीच्या दशकात, ते मला बसवून म्हणायचे, "लिही रे, जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर." मला वाटायचं, काहीतरी जुनं बडबडगीत असावं. मी हसायचो. "आजोबा, तुम्ही काय म्हणता ते कळतच नाही!" ते म्हणायचे, "अरे, चोवीस रुपये मण गूळ, तर अडीच शेराचे चोवीस आणे. दीड रुपया. पाटी कशाला लागते?" मणाचे शेर ४०, रुपयाचे आणे १६, चाळीसला सोळाने भागलं की अडीच. एवढंच आहे ते. पण १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आले, आणि त्या एका दिवसात नाही तरी दोन-चार वर्षांत आजोबांची जादू बाद झाली. कारण मला कळलं ते नोकरीला लागल्यावर, एकदा बसमध्ये सहज आकडेमोड करताना. तोवर आजोबा नव्हते. सांगणार कुणाला?

आता माझं स्वतःचं पाप. पहिल्या नोकरीत मला बिलं बनवणारा एक जुना प्रोग्रॅम सांभाळायला दिला होता. त्यात रुपयांचे पैसे करताना कुणीतरी उगाचच ०.०००१ मिळवलं होतं. ज्याने लिहिलं तो केव्हाच सोडून गेलेला. मी नवा, उत्साही. म्हटलं, काय हा गबाळेपणा! ओळ उडवली. महिनाअखेरीला जमा काही केल्या जुळेना. हिशेबखात्याच्या बाई आणि मी, शनिवार-रविवार दोन्ही दिवस पावत्या चाळत बसलो. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटत होती. रविवारी संध्याकाळी सापडलं: १९.९९ ला १०० ने गुणलं की कॉम्प्युटर म्हणतो १९९८.९९९९९९९९९९९९८, आणि पुढचं छाटलं की १९९८. एक पैसा गायब. असे कित्येक पैसे. तो ०.०००१ म्हणजे त्या अनामिक माणसाने लावलेली काजळी होती.

मी ओळ गुपचूप परत घातली. आणि कॉमेंट? नाही लिहिली. आपली चूक कशाला कोरून ठेवा, असा विचार केला. वर्षभराने मीही ती नोकरी सोडली. म्हणजे तो माणूस गेला तेव्हा त्या ओळीचं कारण जसं कुणाला ठाऊक नव्हतं, तसंच मी गेल्यावरही नव्हतं. फरक इतकाच की त्याला कदाचित घाई असेल, मला कारण माहीत होतं.

हे कुठेतरी कबूल करायचं होतं, म्हणून आज इतकं लिहिलं. हल्ली मी अशी ओळ लिहिली की वर चार ओळींचं कारण लिहितो. टीममधली पोरं चेष्टा करतात, "सर, तुमच्या कोडपेक्षा निबंध मोठा." करू देत. तुमच्याकडे कुणी आजी-आजोबा पावकी-निमकी-दिडकी म्हणणारे असतील तर पाठ म्हणून घेऊ नका, "का?" ते विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. मी त्या वेळी हसत बसलो होतो.

असो. चहा निवला. पुढच्या शनिवारी भेटू.