नवी मुंबई : मद्यविक्री व द्यूत यांचे नियमन

ठाणे खाडीच्या पूर्वतीरावर, १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांच्या जमिनींवर वसविलेले हे नगर पोलिसांच्या दृष्टीने एकाच आयुक्तालयाखाली येते. परंतु नगर ठाणे व रायगड या दोन जिल्ह्यांत विभागलेले असून मद्याचे परवाने जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारात राज्य उत्पादन शुल्क खात्यामार्फत दिले जात असल्यामुळे वाशी, नेरूळ, बेलापूर यांचे दप्तर ठाण्याच्या कचेरीत, तर खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे यांचे अलिबागच्या कचेरीत राहते.

पूर्वपीठिका : या भूभागाचा मद्याशी संबंध नगराहून पुष्कळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकात उरण येथे पारशी मालकांच्या मोहाच्या दारूच्या भट्ट्या मोठ्या प्रमाणावर चालत आणि तेथील माल मुंबईस जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने उत्पन्नाची ही बाब सरकारने आपल्या मुठीत घेतली व १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) या जिल्ह्यांत खुद्द फुलांवरही निर्बंध घातले. कातकऱ्याच्या झोपडीत सुकत घातलेली फुले त्यामुळे महसुलाचा विषय झाली, हे त्या कायद्याचे मूल्यमापन करताना विसरून चालणार नाही.

दारूबंदी : १९४९ चा मुंबई (आता महाराष्ट्र) दारूबंदी कायदा हाच अद्यापि मूलाधार होय. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांसंबंधीची त्यातील काही कलमे अवैध ठरविली, पण गाभा कायम राखला. पुढे धोरण शिथिल होऊन बंदीचे रूपांतर परवान्यांत झाले, तरी कायद्याचे नाव तेच राहिले. बिअरसारख्या सौम्य मद्यास २१ व अन्य मद्यास २५ ही किमान वयोमर्यादा आहे.

डान्स बार : या प्रकरणाची विधिमंडळीय व न्यायालयीन कागदपत्रे विपुल आहेत. पनवेलचे आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत मांडलेल्या लक्षवेधी सूचनेला उत्तर देताना, ३० मार्च २००५ रोजी, गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बारविरुद्ध कारवाई घोषित केली, आणि ऑगस्टमध्ये मुंबई पोलीस अधिनियमात ३३अ व ३३ब ही कलमे घालून बंदी अमलात आली. तारांकित हॉटेले व जिमखाने यांना सूट आणि सामान्य बारना मनाई, हा भेद समतेच्या तत्त्वाशी विसंगत असून नर्तिकांच्या उपजीविकेच्या हक्कावर आघात करणारा आहे, असे मानून मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी हा निर्णय उचलून धरला. २०१४ ची सुधारणा व २०१६ चा स्वतंत्र कायदा यांनंतर १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने कित्येक अटी सैल झाल्या. डान्स बारच्या नादी लागणाऱ्या ज्या तरुणांच्या काळजीने प्रश्न उपस्थित झाला त्यांचा उल्लेख वादात वारंवार येतो. ज्या हजारो स्त्रियांची रोजी या बंदीने गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा विचार मात्र अत्यंत तोकडा राहिला, ही या प्रकरणातील गंभीर उणीव होय.

महामार्ग व स्थानिक मत : महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाची झळ शीव-पनवेल मार्गालाही पोचण्याजोगी होती, परंतु जुलै २०१७ च्या स्पष्टीकरणाने नगरपालिका हद्दीतील दुकाने त्यातून वगळली गेली. खारघर दारूमुक्त राहावे अशी तेथील नागरिकांची दीर्घकाळची मागणी आहे. तिच्या वैधानिक परिणामाविषयी मतभेद आहेत. राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशान्वये गावात वा प्रभागात मतदान होऊन 'आडवी बाटली' (दुकान बंद करण्याच्या बाजूचे चिन्ह) विजयी झाल्यास दुकान बंद करता येते. दुकानाचा उपद्रव ज्या स्त्रीच्या घरात शिरतो तिलाही येथे निर्णयाचा अधिकार मिळतो, म्हणून ही तरतूद समग्र कायद्यातील सर्वांत न्याय्य मानावी लागेल.

द्यूत : १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा लागू. चमारबागवाला खटल्यात (१९५७) जुगार हा संविधानसंरक्षित व्यापार नव्हे, असा निर्णय.

लॉटरी : राज्य लॉटरी १९६९ पासून.

कॅसिनो : १९७६ चा कायदा कधीच अमलात आला नाही, २०२३ मध्ये निरसित.