मुक्या जिवाची उदासी

घरातले माणूस दोन दिवस नीट जेवले नाही तर आपण त्याच्याजवळ बसून विचारतो, काय झाले रे बाबा? कुत्र्याने शीत-कडीच्या ताटलीला तोंड लावले नाही तर मात्र म्हणतो, माजलाय, भूक लागली की खाईल आपोआप. सकाळी पोदेराचा भोंगा ऐकून फाटकाकडे धावणारा कुत्रा एखाद्या दिवसापासून कान हलवून नुसता पडून राहतो आणि महिनाभर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. कुत्रा उदास होऊ शकतो हे मान्य करायला माणसाला फार वेळ लागला. तो प्रवास मोठा रंजक आहे आणि थोडा लाजिरवाणाही आहे.

आपल्या परंपरेने कुत्र्याला मन नाकारले नव्हते. महाभारताच्या आदिपर्वातच सरमा या देवांच्या कुत्रीची गोष्ट येते. तिचा पोर जनमेजयाच्या यज्ञात जातो. त्याने हवीकडे पाहिलेले नसते, त्याला जीभ लावलेली नसते, तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे येतो आणि सरमा थेट राजाला जाब विचारते की, अपराध नसताना का मारलेत? राजाकडे उत्तर नसते. ग्रंथाच्या शेवटाकडे युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला नकार देतो. म्हणजे एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दोन टोकांना दोन कुत्रे उभे आहेत. पहिला अन्यायाने दुखावलेला, दुसरा सोबत न सोडणारा. यातला दुसरा आपण लक्षात ठेवला, पहिला विसरलो.

पुढेही तेच झाले. सातारच्या छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याने वाघापासून धन्याला वाचवल्याची कथा सांगतात, त्याची समाधी संगम माहुलीला दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले, त्याला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांची देणगी होती. वाघ्याने शिवरायांच्या चितेत उडी घेतली या कथेला समकालीन साधनांत आधार सापडत नाही. त्या स्मारकावरून वाद झाले, २०२५ मध्येही ते पुन्हा पेटले. त्या वादात इथे शिरायचे नाही. मला एवढेच दिसते की कुत्र्याचे दुःख आपल्याला असे भव्य, चितेवर झेप घेणारे हवे असते. खरे दुःख तसे नसते. ते जिन्याखाली अंधारात मुटकुळे करून पडलेले असते.

टोकियोच्या हाचिकोची गोष्ट आता जगभर माहीत आहे. त्याचे धनी, प्राध्यापक उएनो, मे १९२५ मध्ये अचानक वारले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे, ८ मार्च १९३५ रोजी मरेपर्यंत, तो शिबुया स्थानकावर येत राहिला. १९३४ मध्ये, तो जिवंत असतानाच, त्याचा पुतळा उभारला गेला. पण १९३२ मध्ये वर्तमानपत्रात त्याची हकीकत छापून येईपर्यंत स्थानकावर त्याला हाकलणारे, त्रास देणारेच अधिक होते, हे सहसा सांगितले जात नाही. त्याचे अवयव जपून ठेवले होते. २०११ मध्ये त्यांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा हृदयात फायलेरियाचे कृमी होतेच, शिवाय हृदयात आणि फुप्फुसात कर्करोगही आढळला. ज्याला सारे निष्ठेचा पुतळा म्हणून पाहत होते तो आजारी कुत्राही होता. उदासी आणि आजार एकाच अंगात असू शकतात, हा हाचिकोचा धडा पुतळ्याखाली लिहिलेला नाही.

युरोपात सतराव्या शतकात देकार्तने प्राणी म्हणजे एक प्रकारची यंत्रे असे मांडले. त्याच्या अनुयायांना कुत्र्याचे केकाटणे हा यंत्राचा आवाज वाटे. या समजुतीला मोठा धक्का दिला डार्विनने. १८७२ च्या, भावनांच्या आविष्कारावरील ग्रंथात त्याने स्वतःच्या कुत्र्याचे वर्णन केले आहे. फिरायला निघाले की हा कुत्रा शेपटी उंच करून पुढे चाले. वाटेत झाडांच्या काचघराकडे जाणारी पायवाट फुटे. डार्विन तिकडे जरा जरी वळला की कुत्र्याचे डोके खाली, कान पडलेले, शेपटी लोंबलेली! फिरणे संपले की काय, ही शंका. घरच्यांनी त्या चेहऱ्याला ‘काचघराचा चेहरा’ असे नावच दिले होते. शास्त्रज्ञाने आपल्या अंगणातल्या कुत्र्याच्या हिरमोडाला शास्त्रीय ग्रंथात जागा दिली, ही गोष्ट लहान नव्हे.

विसाव्या शतकाने कुत्र्याचे मन ओळखले, पण ते दुखवून. रशियात पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याला वर्तुळ दिसले की अन्न आणि लंबवर्तुळ दिसले की काही नाही, असे शिकवले होते. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करत नेले. फरक ओळखेनासा झाला तेव्हा तो शांत कुत्रा किंचाळू लागला, अंगावर बसवलेली उपकरणे तोडू लागला. १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापूर आला. पिंजऱ्यातल्या कुत्र्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढावे लागले. जीव वाचले, पण काही कुत्रे शिकलेले सारे विसरले. नंतर बऱ्याच दिवसांनी एकाच्या खोलीत दाराखालून पाण्याची धार सोडली, तर त्याची तीच अवस्था परत आली.

१९६७ मध्ये अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. काहींना डोक्याने फळी दाबून धक्का थांबवता येई, काहींना काहीही केले तरी थांबवता येत नसे. नंतर सर्वांना अशा पेटीत ठेवले की मधला बुटका आडोसा ओलांडला की सुटका. पहिले कुत्रे उडी मारून गेले. दुसऱ्यांतले बहुतेक तिथेच बसून धक्के सोसत राहिले. याला ‘शिकलेली असहायता’ म्हणतात आणि माणसाच्या नैराश्याचा अभ्यास पुढे कितीतरी वर्षे या कल्पनेवर चालला. सरमेच्या पोराला विनाअपराध मारले होते. इथे तर विनाअपराध मारणे हाच प्रयोग!

पण याच प्रयोगाचा पुढचा भाग मोलाचा आहे. त्या बसून राहिलेल्या कुत्र्यांना अन्नाचे आमिष दाखवून उपयोग झाला नाही. गळ्याला दोरी बांधून पुनःपुन्हा पलीकडे ओढून नेले, तेव्हा हळूहळू ते स्वतः उडी मारू लागले. २०१६ मध्ये त्याच दोघांनी आपले म्हणणे उलटे मांडले. दीर्घ त्रासात निपचित पडणे हे शिकावे लागत नाही, ते शरीरात असतेच. शिकावे लागते ते, आपल्या हालचालीने काहीतरी बदलते, हे. उदास कुत्र्याला काय द्यायचे याचे निम्मे उत्तर इथे आहे.

गेल्या काही दशकांत संशोधन पिंजऱ्यातून घरात आले. २०२२ मध्ये इटलीतल्या ४२६ कुत्रापालकांची पाहणी प्रसिद्ध झाली. घरातला एक कुत्रा मेल्यावर दुसऱ्याच्या वागण्यात वाईट बदल झाल्याचे ८६ टक्क्यांनी सांगितले. खेळणे कमी, खाणे कमी, झोप जास्त, माणसाला अधिक चिकटणे. हे मालकांचे सांगणे आहे, त्यांचे स्वतःचे दुःखही त्यात मिसळलेले असणार. तरी इतक्या घरांतून तीच लक्षणे यावीत, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

आता आपल्याकडे या. गोव्यात घरे बंद होतात. मुले आखातात, पोर्तुगालला, इंग्लंडला जातात, म्हातारी माणसे निवर्ततात, कुत्रा बंद दाराच्या सोप्यावर राहतो. शेजारी भात घालतात, पण त्याचा दिनक्रम गेलेला असतो. असा कुत्रा मलूल दिसला तर आधी ‘त्याला आठवण येते’ म्हणून सुस्कारा सोडू नये. आधी पशुवैद्य. गोचिडतापात, डासांमुळे होणाऱ्या हृदयकृमींत, सांधेदुखीत कुत्रा असाच दिसतो. आणि रेबीजचा एक प्रकार पिसाळलेला नसतो, मुका असतो. कुत्रा अंधारात लपतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालणे जिवावर बेतते. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, तो वर्षानुवर्षांच्या लसीकरणामुळे. पण सावधगिरी सोडून चालणार नाही.

आजार नसेल तर उपचार साधे आहेत. आमच्या कचेरीत प्रत्येक गोष्टीची नोंद लागते, तशी आठवडाभर नोंद ठेवावी. किती खाल्ले, किती झोपला, कुणाला पाहून उठला. जेवणाची, फिरण्याची वेळ ठरलेली ठेवावी. रोज एक छोटी गोष्ट त्याच्या मनाप्रमाणे होऊ द्यावी. फिरताना वाट त्याने निवडावी, हुंगायचे तेवढे हुंगावे. ओरडू नये, मारू नये. गेलेल्याच्या जागी लगेच दुसरे पिल्लू आणून टाकू नये. आपल्या कपाटातली माणसांची गोळी तर चुकूनही देऊ नये, साधी तापाची गोळीही कुत्र्याला विषारी ठरू शकते. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर पुन्हा डॉक्टरकडे जावे. कुत्र्यांच्या विरहभयावरची खास औषधे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत, पण ती डॉक्टरनेच द्यायची आणि दिनक्रमाच्या जोडीने. खाणेच बंद झाले असेल तर मात्र आठवडे मोजत बसू नये, एका दिवसातच दाखवावे.

सरमेने राजाला विचारलेला प्रश्न अजून जुना झालेला नाही. तिला तरी बोलता येत होते. आपल्या सोप्यावरचा जीव नुसता ताटलीकडे पाठ फिरवतो. ते त्याचे बोलणे आहे, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.