उद्या वाळणारा मणी

पायाखालचं अंगण गार लागतंय. पहाटेच सारवलेलं आहे, शेणाचा ओलसर वास अजून गेलेला नाही. पलीकडे सुरूचं बन आणि बनाच्या मागे समुद्राची गाज. साल १९४६. तुम्ही बोर्डीत आहात, ठाणे जिल्ह्यात. मागच्याच वर्षी या मुलखातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. आणि त्याच वर्षी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या.

बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं काही तिकडे फिरकेनात. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या मागे शेरडं. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. अंगणातली म्हणून ती अंगणवाडी. तुम्ही उभे आहात ते असंच एक अंगण.

पंधरा-वीस मुलं आहेत. सगळ्यांचे हातपाय आत्ताच धुऊन झालेत, केस विंचरून झालेत, शिकवणाऱ्या ताईंनी एकेकाची नखं पाहिलीत. मध्ये केळीच्या पानावर तळ्याकाठच्या काळ्या मातीचा गोळा. ताई तुमच्याकडे बघून हसतात, सरकून जागा करतात आणि लिंबाएवढी माती तुमच्या तळहातावर ठेवतात. आज मण्यांची माळ करायची आहे.

तुम्ही माती वळू लागता. सोपं वाटतं, पण गोळी काही गोल होत नाही, एका बाजूला चपटी राहते. शेजारी पाचेक वर्षांची एक मुलगी बसलीय. ती तुमच्या हाताकडे बघते आणि सांगते, “तू लई दाबतेस.” तिचे तळवे एकमेकांवर हलकेच फिरतात, बोटं आत वळतात, आणि बोराएवढा नेटका मणी बाहेर पडतो. मग खराट्याची हीर तीन बोटांच्या चिमटीत धरून ती मण्याच्या बरोब्बर मधोमध आरपार घालते. ती चिमूट नीट पाहून ठेवा. उद्या पाटीवरची पेन्सिल हीच चिमूट धरणार आहे.

ताई कालचे मणी आणतात. सुपात दोन ढीग आहेत. एक ढीग काल उन्हात वाळला, दुसरा पडवीच्या सावलीत. उन्हातल्या कित्येक मण्यांना तडे गेलेत, सावलीतले मात्र धड आहेत. ताई एवढंच विचारतात, “असं का झालं असेल?” आणि गप्प बसतात. उत्तर तुमच्या जिभेवर आलेलं असतं: वरचं पाणी झपाट्यानं उडालं, वरचा थर आधी आकसला, आतला ओलाच राहिला, म्हणून तडा गेला. पण ताईंचं गप्प बसणं पाहून तुम्हीही थांबता. एक मुलगा म्हणतो, उन्हाला घाई झाली. दुसरा त्याला तळ्याच्या काठाची आठवण करून देतो; उन्हाळ्यात तिथली जमीनही अशीच फाटते. ओलं, दमट, सुकं, भुसभुशीत, खरबरीत... शब्द मुलांच्या तोंडून येत राहतात, आणि प्रत्येक शब्दाची वस्तू त्या क्षणी कुणाच्या ना कुणाच्या बोटांत असते.

आता ओवणं. केळीच्या सोपटाचा दोरा, त्याचं टोक ओलं करून पीळ दिलेलं. शेजारच्या मुलीनं क्रम ठरवलाय: एक मोठा, दोन लहान, परत एक मोठा, दोन लहान. ती पुटपुटत ओवते आणि त्या पुटपुटण्याला आपोआप ताल लागतो. गाणं आणि गणित इथे एकाच दोऱ्यात चाललंय. पाच वेळा क्रम होतो, आणि ती थांबते. समोर दोन लहान मणी उरलेत, मोठा एकही नाही.

तुमचा हात नकळत पुढे जातो. तुमच्यासमोर एक मोठा मणी पडलाय, देऊन टाकावा. ताई तुमच्याकडे बघतात, मान किंचित हलवतात. हात मागे घ्या. या सकाळीत तुम्हाला करायचं सगळ्यात अवघड काम हेच आहे.

मुलगी दोन लहान मणी एकमेकांवर दाबून बघते. चिकटत नाहीत. थुंकी लावते, हाताला काळं लागतं, मणी वेगळे ते वेगळेच. मग ती उठते, ओल्या मातीचा नवा मोठा मणी वळते, भोक पाडते आणि लगेच ओवायला जाते. दोरा ओढताच मणी फाटून पडतो. तिचा चेहरा उतरतो. क्षणभर ती सुपातल्या दोन ढिगांकडे बघत राहते. पुन्हा मणी वळते. या वेळी तो हातावर घेऊन पडवीत जाते आणि सावलीत, भिंतीशी ठेवून येते. माळेत एका मण्याची जागा सोडून ती म्हणते, “उद्या.”

या मुलीनं एका सकाळीत मोजलं, तुलना केली, अंदाज बांधला, तो चुकला, कालचा पुरावा वापरला आणि वाट बघायचं ठरवलं. तिला कुणी विषयांची नावं सांगितली नाहीत. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना ताराबाईंनी मारिया माँटेसोरींची बालशिक्षणाची पद्धत आत्मसात केली होती, आणि तिची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नाहीत हेही ओळखलं होतं. म्हणून इथे माती आली, शिंपले आले, चिंचोके आले.

ही वाट पुढे लांब जाते. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर जाईल. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू होईल आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचेल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकणं कागदावर येईल.

आणि तुम्ही तुमच्या घरी, टेबलाशी परत याल. समोर तुमच्या चार वर्षांच्या मुलीची वर्कशीट असेल: लहान-मोठा ओळखा, रंग भरा. ती मिटून ठेवा. कुंडीतली मूठभर माती चाळा, पाणी घाला, मुलीच्या तळहातावर ठेवा. तिचा पहिला मणी चपटा होईल, दुसऱ्याला तडा जाईल. तुमचा हात पुढे जाऊ लागेल, तेव्हा बोर्डीच्या पडवीतला तो भिंतीशी ठेवलेला मणी आठवा. तो अजून ओला आहे. त्याला सावली हवी, आणि एक रात्र.