न बोलता विकलेलं पाकीट

पहिल्या महायुद्धात कापसाचा तुटवडा पडला, तेव्हा किंबर्ली-क्लार्क या अमेरिकी कागद कंपनीचा लाकडाच्या लगद्याचा ‘सेल्युकॉटन’ जखमांच्या पट्ट्यांसाठी रणभूमीवर जाऊ लागला. रक्त शोषण्यात तो कापसापेक्षा सरस. हे परिचारिकांनी हेरलं आणि पाळीच्या दिवसांत तोच वापरायला सुरुवात केली. युद्ध संपलं, माल पडून राहिला, आणि त्या बायकांची युक्ती 1920 मध्ये ‘कोटेक्स’ नावाने बाजारात आली.

माल चांगला, गिऱ्हाईक अफाट. पण मागायचं कसं?

दुकानात बहुधा पुरुषच विक्रेता. त्याच्यापुढे ती वस्तू मागण्यापेक्षा बायका रिकाम्या हाताने परतत. म्हणून काउंटरवर पाकिटांची चळत आणि शेजारी पैशांची पेटी ठेवण्याची शक्कल निघाली: नाणी टाकावीत, पाकीट उचलावं, चालू लागावं. जॉन्सन अँड जॉन्सनने 1928 मध्ये ‘मोडेस’ या आपल्या पॅडच्या जाहिरातीतच कूपन छापलं. ते कापून विक्रेत्याच्या हातात दिलं की एक शब्दही बोलावा लागत नसे. याच कंपनीचे ‘लिस्टर्स टॉवेल्स’ हे पॅड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात येऊनही चालले नव्हते. ज्याची उघड जाहिरात करता येत नाही ते खपणार कसं? धंद्याने यातून धडा घेतला तो संकोच मोडण्याचा नव्हे, संकोच सांभाळून विकण्याचा.

अपवाद लिलियन गिलब्रेथ यांचा. औद्योगिक अभियंता असलेल्या या बाईंनी जॉन्सन अँड जॉन्सनसाठी हजारहून अधिक स्त्रियांना प्रश्न विचारले आणि 1927 मध्ये अहवाल दिला. बाजारातले पॅड फार मोठे होते, ते बायका घरी कापून लहान करत होत्या. विचारलं की बायका सांगतात, इतकी साधी गोष्ट. कंपन्यांना ती सुचायला काही वर्षं जावी लागली.

आपल्याकडे दुकानाचा प्रश्न फार उशिरा आला. त्याआधी घरोघरी जुन्या लुगड्याच्या घड्या होत्या. सुती कापड स्वच्छ धुतलं, उन्हात वाळवलं तर त्यात वाईट काही नाही. पण उन्हात वाळत घालायचं म्हणजे चारचौघांना दाखवायचं. मग ते न्हाणीघराच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली दमट राहायचं. ‘कावळा शिवला’ म्हणून बाई बाजूला बसली हे अख्ख्या वाड्याला कळायचं. तिची घडी मात्र कुणाला दिसता कामा नये! पुढे शहरांतल्या मेडिकलमध्ये पॅड आले, तेही वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीतून.

सरकारी योजनांनी आधी किमतीला हात घातला. 2011 पासून ‘आशा’ताई खेड्यांत सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना देऊ लागल्या. 2017 मध्ये पॅडवर 12 टक्के जीएसटी लागला आणि आरडाओरड झाल्यावर वर्षभरात उठला. महाराष्ट्राने 8 मार्च 2018 रोजी ‘अस्मिता’ योजना आणली: जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत, विक्री बचत गटांकडून. जनऔषधी केंद्रांत 2019 मध्ये पॅड एक रुपयावर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 24 वयाच्या, पाळीत आरोग्यदायी साधनं वापरणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 2015-16 मध्ये 57.6 टक्के होतं, 2019-21 मध्ये 77.3 टक्के झालं. स्वस्ताईचा त्यात वाटा असेलच. पण ‘आशा’ताईने आणि बचत गटातल्या बाईने मुलीला समोर बसवून पाळीविषयी बोलणं, हे कुठल्याच पेटीला किंवा कूपनला जमलेलं नव्हतं.

वर्तमानपत्राच्या त्या गुंडाळीचा हिशेब शेवटी पुण्यात मांडला गेला. वापरलेला पॅड कागदात दडवून कचऱ्यात गेला की आत काय आहे ते वेचक बाईला उघडल्यावरच, उघड्या हातांनी कळायचं. 2013 मध्ये ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांकडे परत धाडल्या. 2016 च्या घनकचरा नियमांत पॅडच्या विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्याची अट उत्पादकांना लागू झाली. दरम्यान कचरावेचक बायका रद्दी वर्तमानपत्रांपासून पॅडसाठी पिशव्या करून विकत होत्या. पुढे ‘रेड डॉट’ मोहिमेने पुणेकरांना सांगितलं की पॅड कागदात गुंडाळा आणि वर ठसठशीत लाल ठिपका काढा.