गॅलिलिओ अवकाशयान आणि वऱ्हाडची भूमी

गॅलिलिओ अवकाशयान : गुरू हा ग्रह व त्याचे उपग्रह यांच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या नासा या संस्थेने १८ ऑक्टोबर १९८९ रोजी सोडलेले मानवरहित यान. गुरूभोवतीच्या कक्षेत राहून त्याचे दीर्घकाळ निरीक्षण करणारे हे पहिले यान होय. इटालियन ज्योतिर्विद गॅलिलिओ यांनी जानेवारी १६१० मध्ये गुरूचे आयो, यूरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो हे चार मोठे उपग्रह शोधून काढले. त्यांचेच नाव यानास देण्यात आले. यानाने पाठविलेल्या छायाचित्रांचा अर्थ लावताना पृथ्वीवरील परिचित भूरूपांचाच आधार घ्यावा लागतो. गोठलेल्या लाव्ह्याचे थर आणि आघाताने पडलेली विवरे ही त्यांपैकी दोन प्रमुख भूरूपे होत. वऱ्हाडात ही दोन्ही पहावयास मिळतात. म्हणून यानाचा इतिहास येथे त्या भूमीच्या संदर्भात दिला आहे.

वऱ्हाडातील दोन खुणा : अमरावतीच्या उत्तरेस गाविलगडचे डोंगर असून अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्लाही त्याच रांगेत आहे. चिखलदऱ्याच्या कड्यांवर एकावर एक रचलेले खडकांचे आडवे थर स्पष्ट दिसतात. हे बेसाल्ट खडक सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वारंवार बाहेर पडलेल्या लाव्ह्यापासून बनले. अशा थरांनी आजही दख्खनचा सु. ५ लक्ष चौ. किमी. प्रदेश व्यापलेला आहे. कापसासाठी प्रसिद्ध असलेली वऱ्हाडची काळी जमीन याच खडकांच्या झिजेतून तयार झाली आहे.

दुसरी खूण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर. ऐने अकबरी या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा व तेथील क्षारांचा उल्लेख आहे. सु. १·८ किमी. व्यासाच्या या विवराची उत्पत्ती ज्वालामुखीपासून झाली, असे एकोणिसाव्या शतकात मानले जाई. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन व त्यांचे सहकारी यांनी खडकांतील तीव्र दाबाचे परिणाम दाखवून ते अशनीच्या आघाताने झाल्याचे प्रतिपादन केले. बेसाल्ट खडकात पडलेली व सुस्थितीत राहिलेली आघात विवरे पृथ्वीवर फारच थोडी असल्याने चंद्र व मंगळ यांवरील विवरांशी तुलना करण्यास लोणार महत्त्वाचे ठरले. त्याच्या वयाविषयी एकमत नाही. एका मापनानुसार ते सु. ५०,००० वर्षे, तर आर्गॉन पद्धतीने केलेल्या नंतरच्या मापनानुसार सु. ५·७ लक्ष वर्षे येते. मात्र लाव्ह्याचे उद्रेक थांबल्यानंतर पुष्कळ काळाने हा आघात झाला, हे दोन्हींवरून सारखेच स्पष्ट होते. उद्रेक चालू असते, तर हे विवर लाव्ह्याखाली गाडले गेले असते. पृष्ठभाग जितका जुना, तितकी त्यावर विवरे अधिक आणि तो जितका नवा, तितकी ती विरळ, या ग्रहविज्ञानातील नियमाचे मूळ याच विचारात आहे.

पूर्वेतिहास : लोणारविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, डिसेंबर १९७३ मध्ये, पायोनियर १० हे यान गुरूजवळून गेले. पुढील वर्षी पायोनियर ११ व १९७९ मध्ये व्हॉयेजर १ आणि २ ही याने तेथे पोहोचली. गुरू व शेजारचे उपग्रह यांच्या ओढीमुळे आयोचा अंतर्भाग सतत मळला जाऊन तप्त होत असावा, असे भाकीत पील, कॅसन व रेनल्ड्स यांनी मार्च १९७९ च्या प्रारंभी केले होते. काही दिवसांतच व्हॉयेजर १ च्या छायाचित्रांत तेथील जागृत ज्वालामुखी दिसले. परंतु ही याने गुरूजवळून निघून जाणारी होती. बदल टिपण्यासाठी तेथे मुक्काम करणारे यान हवे होते.

प्रवास व अडचणी : १९८६ मध्ये व्हावयाचे उड्डाण चॅलेंजर दुर्घटनेमुळे लांबणीवर पडले. अखेर अटलांटिस या अवकाशयानातून गॅलिलिओ सोडण्यात आले. थेट गुरूपर्यंत जाण्याइतका वेग देणे शक्य नसल्याने त्यास शुक्राजवळून एकदा व पृथ्वीजवळून दोनदा नेऊन त्यांच्या गुरुत्वाकर्षणाने वेग मिळवून देण्यात आला. वाटेत त्याने गॅस्प्रा (१९९१) व आयडा (१९९३) या लघुग्रहांची छायाचित्रे घेतली. आयडाभोवती डॅक्टिल हा चिमुकला उपग्रह आढळला. लघुग्रहाला उपग्रह असल्याचा तो पहिला निर्णायक पुरावा होय.

एप्रिल १९९१ मध्ये यानाचा ४·८ मी. व्यासाचा, छत्रीसारखा उघडणारा मुख्य आकाशक म्हणजे अँटेना पूर्ण उघडला नाही. दीर्घकाळ साठवण व रस्त्याने झालेली वाहतूक यांमुळे त्याच्या काही काड्यांवरील वंगण झिजले असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. मुख्य आकाशकातून दर सेकंदास १,३४,००० बिट माहिती यावयाची होती. आता लहान आकाशकातून ती फार तर १६० बिटांपर्यंत येऊ शकणार होती. तंत्रज्ञांनी कोट्यवधी किमी. अंतरावरून यानातील संगणकास नवे कार्यक्रम पाठविले, माहिती संक्षिप्त करण्याच्या पद्धती बसविल्या आणि फितीवर साठविलेली माहिती सावकाश पृथ्वीवर आणली. त्यामुळे नियोजित उद्दिष्टांपैकी सु. ७० टक्के साध्य झाली.

जुलै १९९४ मध्ये शूमेकर–लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले. आघाताची स्थाने त्या वेळी पृथ्वीवरून दिसत नव्हती. परंतु गॅलिलिओला ती थेट पाहता आली. लोणारसारखी विवरे घडविणारे आघात ही केवळ प्राचीन घटना नव्हे, हे त्यामुळे पटले. ७ डिसेंबर १९९५ रोजी यानापासून आधीच वेगळा केलेला ३३९ किग्रॅ. वजनाचा शोधक गुरूच्या वातावरणात शिरला व सु. ५८ मिनिटे माहिती पाठवून नष्ट झाला. त्याच दिवशी मुख्य यान गुरूच्या कक्षेत स्थिरावले.

उपग्रहांविषयीचे निष्कर्ष : आयोवर लाव्ह्याचे तापमान पृथ्वीवरील बेसाल्ट लाव्ह्याइतके किंवा त्याहूनही अधिक आढळले. १९९७ मध्ये पिलान या ज्वालामुखीभोवती पाच महिन्यांच्या आत सु. ४०० किमी. व्यासाचा काळा डाग पसरला. आयोवर एकही आघात विवर आढळलेले नाही. वऱ्हाडात जे कार्य कोट्यवधी वर्षांपूर्वी थांबले, ते तेथे अजून चालू आहे आणि प्रत्येक आघाताची खूण पुसली जात आहे.

कॅलिस्टोची स्थिती याच्या उलट आहे. तेथे पृष्ठभागाचे नूतनीकरण न झाल्याने तो विवरांनी भरून गेला आहे. गॅनिमीडला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असल्याचे १९९६ मध्ये दिसून आले; असा हा एकमेव ज्ञात उपग्रह होय. यूरोपाच्या बर्फाळ पृष्ठावर मोठी विवरे थोडी आहेत. त्यावरून पृष्ठाचे सरासरी वय सु. ४ ते ९ कोटी वर्षे काढण्यात आले आहे, म्हणजे ते गाविलगडच्या खडकांच्या वयाच्या आसपास येते. चुंबकत्वमापकाच्या नोंदींवरून बर्फाखाली खारट पाण्याचा सागर असावा, असे अनुमान निघाले.

यानाचा शेवट : याच अनुमानाने यानाचे भवितव्य ठरले. इंधन संपत आले होते व नियंत्रण सुटल्यास यान कधीतरी यूरोपावर आदळण्याचा संभव होता. प्रक्षेपणापूर्वी त्याचे निर्जंतुकीकरण झालेले नव्हते. पृथ्वीवरील सूक्ष्मजीव तेथील पाण्यात पोहोचल्यास तेथे मुळात जीवसृष्टी होती किंवा नाही, हे निश्चितपणे सांगता आले नसते. म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी यान हेतुपुरस्सर गुरूच्या वातावरणात घालून नष्ट करण्यात आले.

खारट पाण्यातील जीवांचे उदाहरण लोणारलाही आहे. तेथील पाणी क्षारयुक्त व अल्कधर्मी असूनही त्यात विशिष्ट सूक्ष्मजीव जगतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण लवणप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. त्याच वर्षी लोणारचा रामसर यादीत समावेश झाला. अशा पाण्यात बाहेरचे सांडपाणी मिसळले, तर मूळ जीवसृष्टीची नोंदच बिघडते. ज्या कारणासाठी यूरोपाचे पाणी अस्पर्श राखण्यात आले, त्याच कारणासाठी लोणारचे पाणीही जपणे आवश्यक आहे.

नंतरच्या मोहिमा : जुलै २०१६ मध्ये जूनो हे यान गुरूच्या कक्षेत पोहोचले. डिसेंबर २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आयोच्या अगदी जवळून गेले. यूरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस (प्रक्षेपण १४ एप्रिल २०२३) व नासाचे यूरोपा क्लिपर (प्रक्षेपण १४ ऑक्टोबर २०२४) ही याने अनुक्रमे २०३१ व २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचावीत, अशी योजना आहे. गॅलिलिओने केवळ सूचित केलेल्या यूरोपावरील सागराची परीक्षा करणे, हे यूरोपा क्लिपरचे प्रमुख कार्य आहे.