'जो' आणि 'तो'

देवगड तालुक्यांतील जामसंडें हें आमचें गांव. ह्याच तालुक्यांतील पोंभुर्लें येथें बाळशास्त्री जांभेकर जन्मले. त्यांनीं ता. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस 'दर्पण' पत्र सुरू केलें, तेव्हां इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला. दोन भाषा अशा जवळ बसल्यावर एकीचें वळण दुसरीस लागणारच. त्या वळणांपैकीं संबंधी सर्वनामांचें वळण आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

आपल्या भाषेंत संबंधी सर्वनाम 'जो'. पण तो सहसा एकटा येत नाहीं. ज्याचें जळतें, त्याला कळतें. संस्कृत वैयाकरणांनीं यत् व तत् यांचा नित्यसंबंध मानिला. मराठीनें तो वारसा राखिला. शिवाय 'काल आलेला पाहुणा' अशी आटोपशीर रचनाहि आपणांपाशीं आहे. शेजारच्या कानडीचा तर हाच नेहमींचा मार्ग. इंग्रजींत आधीं नाम येतें, मागून 'हू' किंवा 'व्हिच' आपलें वाक्य घेऊन येतें, आणि पुढें 'तो' म्हणावयाची गरज उरत नाहीं.

सन १८३६ मध्यें दादोबा पांडुरंग यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध झालें. इंग्रजी व्याकरणांचा सांचा त्या काळच्या विद्वानांसमोर होता. त्यामुळें मराठीस शास्त्रशुद्ध मांडणी लाभली, हा लाभ मोठा. पण शाळांतून पुढें 'हू म्हणजे जो' एवढेंच पाठ होऊं लागलें, आणि दोन भाषांतील भेद झांकला गेला.

त्याचें फळ आम्हीं स्वतः चाखिलें आहे. आमच्या एका विद्यार्थ्यानें निबंधांत लिहिलें : 'द मॅन हू केम यस्टर्डे, ही इज माय अंकल.' तो जादा 'ही' आम्हीं लाल शाईनें खोडिला, वर्गांत वाक्य वाचून दाखविलें, आणि हंशा पिकला. तो मुलगा पुन्हां इंग्रजींत बोलावयास उठला नाहीं. फार उशिरां आमच्या ध्यानीं आलें कीं, त्यानें मराठींतला 'तो' प्रामाणिकपणें इंग्रजींत नेला होता. आणि आम्ही? आम्ही त्याच सुमारास 'तो मनुष्य, जो काल आला, माझा मामा आहे' अशीं वाक्यें लिहीत होतों. त्यांवर लाल शाई कोणीं चालविली नाहीं.

हा भेद केवळ शोभेचा नव्हे. इंग्रजींत 'माझा भाऊ' ह्यानंतर स्वल्पविराम देऊन 'हू' घातला, तर भाऊ एकच. स्वल्पविराम नसेल, तर अनेकांपैकीं एक. मराठींत स्वल्पविरामादि चिन्हें मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनीं रुजलीं. तत्पूर्वीं हें काम रचनाच करीत असे. 'माझा भाऊ मुंबईस असतो. तो उद्यां येईल' आणि 'माझा जो भाऊ मुंबईस असतो, तो उद्यां येईल' हीं दोन वाक्यें मोठ्यानें वाचावीं. अर्थभेद चिन्हांवांचून कानास कळतो.

म्हणून इंग्रजी शिकवितांना आधीं मराठीचा 'तो' फळ्यावर लिहावा, आणि इंग्रजींत तो कां गळतो हें मुलांस सांगावें. चूक कोठून आली तें ज्याला कळलें, त्यानेंच ती सुधारावी. आम्हांस तें कळलें, तेव्हां तो विद्यार्थी शाळा सोडून गेला होता.